मिनिटाला तीस शब्द

बाबा नोकरीत असतानाच गेले. सकाळी डबा घेऊन एसटीने पोलादपूरच्या कचेरीत गेले आणि दुपारी त्यांना जीपमधून घरी आणलं. छातीत दुखतंय म्हणाले आणि टेबलावर डोकं ठेवलं, एवढंच त्यांच्या सोबतच्या कारकुनाने सांगितलं. आमचं घर दासगावच्या अलीकडे, आतल्या एका वाडीत. तोवर वाडीत सरकारी पगार फक्त आमच्याच घरात यायचा, त्यामुळे रडायला जितके आले तितकेच आता यांचं पुढे काय होतंय हे बघायलाही आले.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर भावकी ओटीवर बसली आणि अनुकंपाचा विषय निघाला. नोकरीत असताना माणूस गेला की घरातल्या एकाला त्याच्या जागी नोकरी मिळते. फक्त एकाला आणि एकदाच. बाकीच्यांनी 'आमची हरकत नाही' असं स्टँपपेपरवर लिहून द्यायचं. घरात आम्ही दोघं भावंडं. मी बी.ए. काठावर पास, महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटावर ड्रम भरायचो. बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान, बी.कॉम. पहिल्या वर्गात पास. तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. चुलते म्हणाले, "पोरगा घरात असताना पोरीचा नाव कशाला लावायचा? ती आज हाय, उद्या नाय." आईने मान हलवली. मीही हलवली, हे लिहायला हवं. महाडला नोटरीकडे बहिणीने सही केली तेव्हा पेन चालेना. तिने ते तळहातावर दोनदा घासलं, चालतंय म्हणून खात्री केली आणि नीट वळणदार सही करून मोकळी झाली.

वर्ष-दीड वर्षाने माझी ऑर्डर आली, बाबांच्याच कचेरीत. पेढे वाटले. ऑर्डरीत खाली एक अट होती: दोन वर्षांच्या आत मराठी टंकलेखनाची परीक्षा पास व्हायची, वेग मिनिटाला तीस शब्द. नाही झालात तर सेवा समाप्त. ती ओळ मी वाचली आणि हसलो. ड्रम उचलणाऱ्याला बोटं हलवायची कसली भीती?

महाडच्या बाजारपेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर टायपिंगचा क्लास होता. आधी तळमजल्यावर होता, पुराच्या पाण्याने एकदा सगळी मशीन बुडवल्यावर वर नेला. कचेरी सुटली की मी तिथे उतरायचो आणि शेवटच्या गाडीने घरी. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांचा एक नियम होता. वीस मिनिटं झाली की टेबलावर पट्टी आपटायच्या आणि म्हणायच्या, "हात काढा. उठा. खिडकीतून जरा बाहेर बघा. पाच मिनिटांनी बसा."

सगळे उठायचे. मी चिडायचो. मला वाटायचं, बाईंकडे मशीन कमी आणि बॅचेस जास्त, म्हणून हा खिडकीचा उद्योग. एकदा मी उठलोच नाही. त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "तुमचा हात दमलाय. दमलेला हात चुकासुद्धा पाठ करतो," असं म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, मी दमत नाही. शेतकऱ्याचा मुलगा आहे." त्या पुढच्या मशीनकडे गेल्या.

हे वाक्य मी अभिमानाने बोललो होतो, त्याची आता लाज वाटते. पण ते माझं एकट्याचं वाक्य नव्हतं. बाबांची नोकरी असली तरी घरची शेती होती, आणि आमच्याकडे भाताची लावणी तशीच होते. एकदा खाचरात उतरलं की ते पुरं झाल्याशिवाय कंबर सरळ करायची नाही. मधेच कोणी बांधावर टेकला की सगळ्या बायका त्याच्यावर तुटून पडतात. बाबांनी मला लहानपणी तेच शिकवलं होतं आणि मी ते बोटांना लावलं. न्याहारीला सगळे बांधावर येऊन तासभर बसतात, भाकरी खातात, विड्या ओढतात, हेही तितकंच खरं होतं. ते तेवढं मी विसरलो.

घरी जुना कॉम्प्युटर आणला. तो माजघरात खिडकीपाशी ठेवला आणि त्या दिवसापासून आमचं घर माझ्याभोवती फिरायला लागलं. आई पहाटे उठवायची. मी बसलो की शेजारच्या पोरांना हाकलायची, कोंबड्यांना हाकलायची, टीव्ही बंद. मी जरा मान वर केली की दारात हजर. "काय पायजे? चहा? पाणी? तू उठू नको रे, मी आणतंय. तू बडव." टायपिंगला ती बडवणं म्हणायची, आणि मी करत होतो त्याला तोच शब्द बरोबर होता. रविवारी सकाळी सात ते दुपारी एक आणि जेवून परत दोन ते सहा. जेवणाचं ताटसुद्धा कधीकधी तिथेच यायचं.

त्या वर्षी लावणीला मी रजा काढली, पण लावणीसाठी नाही. पहिली परीक्षा तोंडावर आली होती. आईने जाहीर केलं की याला चिखलात उतरवायचा नाही, बोटं आखडतील. बहीण, आई आणि दोन मजूर बायकांनी आमची सगळी खाचरं लावली. मी खिडकीत बसून बडवत होतो. समोर त्या वाकलेल्या दिसायच्या. आपण घरासाठी किती कष्ट घेतोय असं वाटून मला भरून यायचं. गाढव होतो मी.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोजचा वेग लिहायचो. बारा, पंधरा, एकोणीस, बावीस. पहिले तीन महिने आकडा वर चढला. मग चोवीसवर अडकला. दोन तास बडवलं तर चोवीस, आणि सहा तास बडवलं तर सहाव्या तासाला एकोणीस. डाव्या करंगळीच्या वाट्याला आलेली अक्षरं तर शत्रू झाली. करंगळी उचलायला गेलो की शेजारचं बोट आधी पडायचं. रोज तीच चूक, त्याच जागी. चूक झाली की मी चिडून तोच शब्द पन्नास वेळा काढायचो. पन्नासातल्या चाळीस वेळा तो चुकीचाच यायचा, आणि उरलेल्या दहा वेळा तो बरोबर कसा आला ते मला कळायचं नाही.

पहिली परीक्षा गेली. आई फक्त म्हणाली, "आजून बस. कमी पडला आसंल." मी आणखी बसायला लागलो.

मग पावसात सावित्री चढली. बाजारपेठेत पाणी, रस्ता बंद, वीज गेली ती सहा दिवस आली नाही. क्लास बंद, घरचा कॉम्प्युटर बंद. मी पिंजऱ्यातल्यासारखा घरात फेऱ्या मारत होतो. वाया गेलेले तास मोजत होतो. सातव्या दिवशी सकाळी वीज आली तसा धावत बसलो आणि उतारा काढला. अठ्ठावीस. चुका दोन. घड्याळ बघणाऱ्या बहिणीला वाटलं तिचंच काही चुकलं. परत काढला. पुन्हा अठ्ठावीस. करंगळी आपल्या जागी जात होती, मला न विचारता.

तिथे थांबायला हवं होतं. बहीण म्हणाली, "दादा, आता ऱ्हाऊ दे. बाहेर जाऊन ये जरा." मी म्हटलं, वेडी आहेस का, आता कुठे हात बसलाय, सहा दिवसांचं भरून काढायचंय. संध्याकाळपर्यंत उठलो नाही. दुसऱ्या दिवशी तेवीस. त्यानंतर अठ्ठावीस पुन्हा कॅलेंडरवर आला नाही. सहा दिवस काही न करता माझा हात सुधारला होता, हे इतकं उघड होतं की शेंबड्या पोरालाही समजलं असतं. मला मात्र वाटलं, ते सहा दिवस गेले नसते तर मी बत्तिसावर असतो.

आता बहिणीचं सांगतो. हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलंय.

एक दिवस कचेरीतून लवकर सुटलो. दुपारचे तीन वाजले असतील. अंगणात आलो तर आतून टायपिंगचा आवाज. सरळ, एका लयीत, न अडखळता. मला आधी वाटलं क्लासचं कोणी आलंय. दारातून बघितलं तर बहीण. केसांना टॉवेल गुंडाळलेला, चुलीवर भात ठेवलेला, आणि ती स्टुलावर अर्धवट टेकून उतारा काढत होती. भाताला उकळी आली तशी उठली, झाकण सारलं, मागच्या दाराला जाऊन वासराला बांधलं, येऊन परत बसली. आवाज परत तसाच, किंबहुना आधीपेक्षा जलद. दहा मिनिटांनी पुन्हा उठली, धुणं आत आणलं. मी बाहेर उभा राहून हे अर्धा तास पाहिलं. एका जागी ती पाव तासाच्या वर बसलीच नाही. तिला कोणी बसूच देत नव्हतं.

मी आत गेलो. ती दचकली. मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "तू हापिसला गेल्यावर. काम नसलं की जरा." मी म्हटलं, "काढ एक उतारा." तिने नको म्हटलं. मी घड्याळ धरलं. पस्तीस. एक चूक. मॅडमनी मला शिकवलेलं मी तिला कधी शिकवलं नव्हतं. माझी वेळ मोजता मोजता मागे उभी राहून तिने ते उचललं होतं.

मी काय करायला हवं होतं? तिला विचारायला हवं होतं, तू कसं केलंस. मी विचारलं नाही. मी कीबोर्डची वायर उपसून काढली आणि म्हणालो, "बटनं झिजतात. माझी परीक्षा आहे. परत हात लावायचा नाही." एवढ्या मोठ्या आवाजात ओरडलो की आई गोठ्यातून धावत आली. काय झालं ते कळल्यावर आईने बहिणीकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला काय करायचा हाय गो त्याचा? त्याच्या पोटावर पाय देतेस?" बहीण चुलीवरचा भात करपला होता तो उतरवायला गेली.

त्यानंतर तिने कीबोर्डला हात लावला नाही. माझी वेळ मोजायला मात्र रोज उभी राहायची. मी चुकलो की तिच्या श्वासावरून मला कळायचं. त्या श्वासाचासुद्धा मला राग यायचा.

दुसरी परीक्षा गेली. मुदत संपत आली. अर्ज केला, साहेब भले होते, त्यांनी वर लिहिलं, एकदाची मुदतवाढ मिळाली. मॅडमना भेटायला गेलो तर त्यांनी माझे हात हातात घेऊन पाहिले. बोटं उघडली, मिटली. म्हणाल्या, "पंधरा दिवस काहीही करू नका. मग रोज थोडं. माझं ऐका एकदा." मी हो म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं. आई घाबरून माझ्याकडे बघत राहिली. "पंधरा दिस बसून ऱ्हायचा? आन मग काय त्या बाई देनार हाय नोकरी?" मला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला बसलो.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी सकाळी घरून निघण्याआधी तीन तास बडवलं. हात गरम राहायला हवा म्हणून. केंद्रावर माझ्या दोन्ही बाजूंना कॉलेजची पोरं, च्युइंगम चघळत बसलेली. उतारा पडद्यावर आला. पहिल्या दोन ओळी व्यवस्थित गेल्या. तिसऱ्या ओळीत करंगळी उचलायला गेलो आणि सगळा डावा पंजाच उठेना. बोटं होती, पण माझी नव्हती. मी उजव्या हाताने डावा हात दाबून धरला, चोळला. बाजूच्या पोराची बटनं पावसासारखी वाजत होती. मी वेळ संपेपर्यंत तसाच डावा हात धरून बसलो.

सेवा समाप्तीचा आदेश टपालाने आला. कचेरीत आवक नोंदवण्याचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे त्याला क्रमांकही मीच दिला. बाबांच्या सोबतच्या कारकुनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. बाबांनी सव्वीस वर्षं ज्या टेबलावर काम केलं, त्याच्या बाजूने मी रिकामा डबा घेऊन बाहेर पडलो. नोकरी एकदाच मिळते. आमची मिळून झाली होती. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

हळूहळू एक समजूत तयार झाली आणि आम्ही तिघंही तिला धरून राहिलो. हात नव्हता. कोणाच्या गळ्यात सूर असतो, कोणाच्या नसतो, तसा याच्या बोटांत वेग नव्हता. आई आल्यागेल्याला सांगायची, "पोराने लय केलान हो. पन त्याच्या हातातच नव्हता ता. त्याला कोन काय करनार?" हे ऐकताना मला अपमान वाटायला हवा होता. मला सुटल्यासारखं वाटायचं. देवानेच दिलं नव्हतं म्हटलं की ना माझा दोष, ना तिचा, ना ओटीवर बसलेल्या भावकीचा. मी परत एमआयडीसीत गेलो. तेच ड्रम. बहिणीचं लग्न झालं, वरंधच्या बाजूला, घाटरस्त्याच्या एका गावात. कॉम्प्युटर तिच्यासोबत दिला. घरात तो कोणाला बघवत नव्हता.

तिच्या नवऱ्याने रस्त्यालगत एका खोलीत झेरॉक्सचं मशीन टाकलं आणि तो कॉम्प्युटर तिथे ठेवला. लोकांचे अर्ज, दाखल्यांची पत्रं ती टाईप करून देते. सर्टिफिकेट नाही, पण तिथे ते कोण विचारतो?

गेल्या भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो होतो. कीबोर्डला हात लावून मला दीड वर्ष होऊन गेलं होतं. ती आत माझ्यासाठी करंज्या तळत होती, हात पिठाचे, आणि बाहेर एक म्हातारे गृहस्थ पडलेल्या भिंतीचा अर्ज घेऊन उभे. त्यांना गाडी पकडायची होती. तिने आतून हाक मारली, "दादा, एवढा टाक की जरा." मी म्हटलं, मला जमत नाही, तुला माहीत आहे. "दोन बोटांनी टाक. त्यांची गाडी जाईल."

मी बसलो. कागद डावीकडे ठेवला आणि सुरू केलं. अर्ज संपला तेव्हा कळलं की मी कीबोर्डकडे एकदाही बघितलं नव्हतं. गृहस्थ प्रिंट घेऊन गेले. बहीण दारात उभी होती, झारा हातात तसाच. ती माझ्या हातांकडे बघत होती.

तिने झारा ठेवला, हात पुसले, मोबाईलवर वेळ लावली आणि टेबलावर पडलेलं एक जुनं वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. मी टाईप करत गेलो. करंगळी जात होती, येत होती, कुठे अडत नव्हती. वेळ संपली. तिने पडद्यावरचे शब्द मोजले, परत एकदा मोजले आणि खाली बसली.

छत्तीस.

हात होता. सगळा वेळ होता. फक्त कोणीतरी मला खुर्चीवरून उठवायला हवं होतं. मी बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. त्यापेक्षा नसता तर बरं झालं असतं, खरंच सांगतो. नसलेल्या हातामुळे नोकरी गेली हे मी गिळलं होतं. हात असूनही ती गेली हे कसं गिळायचं? आणि जिचा हात पहिल्यापासून होता, तिच्या सहीवर मी हे सगळं घालवलं होतं.

बहीण मागून आली. कढईतलं तेल जळल्याचा वास येत होता, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, "आईला नको सांगू हां दादा."

मी विचारलं, "का?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"ती म्हनंल, मीच त्याला उठू दिला नाय."

मी तिला ओवाळणी घातली, करंज्या बांधून घेतल्या आणि एसटीने घरी आलो. आईला काहीही सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही. इथे लिहिलं, कारण आईला वाचता येत नाही.